त्रेपन्न ओहम

अंगाला साबण लागलेला असताना माणसाच्या कानावर दोन गोष्टी पडू नयेत. एक दाराची कडी आणि दुसरी आगीची वार्ता. वैजयंता हावळांच्या कानावर त्या सकाळी दुसरी पडली.

"वैजयंताताई, इस्त्री चालू आहे. आपण इस्त्रीजवळ नाही."

आवाज गोड होता आणि पुण्याकडचा होता. इचलकरंजीत त्यांना ताई कुणी म्हणत नसे. गल्लीच्या त्या वैजाक्का. नवऱ्यामागं तीस-एक वर्षं ब्लाउज शिवून त्यांनी लेकीला शिकवलं, तिचं लग्न केलं, घरावर स्लॅब टाकला. गावातल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती आणि ती कुणापुढं न बोलण्याचं इमानही त्यांच्यापाशी होतं.

हाताला लागलं ते लुगडं गुंडाळून त्या पुढच्या खोलीत धावल्या आणि दिवा लावला. इस्त्री आपल्या पत्र्यावर उभी होती. बटण बंद होतं. तळहात लावून बघितला, तर देवळातल्या फरशीसारखी गार.

"कुठाय रे चालू?"

"धन्यवाद," यंत्र म्हणालं. "आता आपण इस्त्रीजवळ आहात."

वैजाक्कांनी त्याला जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिवाय डोळ्यांत साबण गेला होता.

या यंत्राचं नाव 'सांगाती'. मीटरच्या बोर्डाशेजारी बसवलेली, पानाच्या डब्याएवढी पांढरी पेटी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या वाढली, तशी आधी घराघरांत कॅमेरे आले. म्हाताऱ्यांनी त्यांच्यावर टॉवेल टाकले. मग कुणा शहाण्याला सुचलं, की घरात डोकावायचं कशाला? घराची वीजच सगळं सांगते.

आणि ते खरंच होतं. तारेतून वीज किती जोरानं ढकलली जाते ते व्होल्ट, आणि किती वाहते ते अँपिअर. या दोहोंचा गुणाकार केला की ताकद निघते, म्हणजे वॉट. जोराला वाहण्यानं भागलं, की समोरची वस्तू विजेला किती अडवते ते कळतं. तो रोध, तो मोजायचा ओहममध्ये. सांगाती हे सगळं सेकंदात हजारो वेळा मोजायचा. पंख्याची चाल वेगळी, मिक्सरची धडपड वेगळी, फ्रीजचं मधूनच कण्हणं वेगळं. कुठला दिवा लागला, कुठला विझला यावरून बाई घरात कुठं आहे, हेही त्याला कळायचं. पहाटे चहाची विजेची शेगडी लागली नाही, तर तो लेकीला कळवायचा. एका घरात कुणी त्याची चूक दाखवली, तर ती सगळ्या घरांतले सांगाती शिकायचे. कुणाच्या डोळ्याला डोळा न देता आईची खुशाली. पुण्यामुंबईत हजारो घरांत तो बसला होता आणि त्यानं बऱ्याच जणांचे जीव वाचवले होते, हेही सांगितलं पाहिजे.

लेकीचा फोन आलाच. केतकी पुण्यात विमा कंपनीत होती. लोकांच्या जळलेल्या घरांचे फोटो बघून पैसे किती द्यायचे ते ठरवणं हे तिचं काम. अशा कामानं माणसाला दर बटणामागं ठिणगी दिसू लागते.

"आई, इस्त्री चालू ठेवून आंघोळीला गेलीस?"

"न्हाई गं. गार होती. हात लावून बघितला की."

"आधी चालू असेल, मग तूच बंद केली असशील. आठवत नसेल."

"केतके, न केलेलं कसं आठवंल?"

"तेच तर म्हणतेय ना मी."

वैजाक्कांनी फोन ठेवला आणि काजाच्या सुईत दोरा ओवला. पहिल्या झटक्यात ओवला गेला. तो लेकीला दाखवता आला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

मायलेकींत एक करार होता. सांगातीच्या तीन सूचना झाल्या, की वैजाक्कांनी मशीन बंद करून पुण्याला राहायला जायचं. शिवाय कंपनीचाही नियम होता. तिसऱ्या सूचनेला तापणाऱ्या सगळ्या वस्तूंची लाइन यंत्र आपणहून तोडायचं, आणि मुलांनी निर्णय घेईपर्यंत ती तुटलेलीच राहायची. करार झाला तेव्हा वैजाक्का ऐटीत म्हणाल्या होत्या, "तीन कशाला? एक तरी येऊ दे."

आठवडा सरायच्या आत दुसरी आली. तीच वेळ, तीच न्हाणी. या खेपेला वैजाक्का धावल्या नाहीत. अंगावर निवांत पाणी घेतलं, पदर नीट केला आणि मग इस्त्रीला हात लावला. गारच. पण फोनवर केतकीचा आवाज आता भांडणाचा नव्हता. मऊ झाला होता, आणि वैजाक्कांना त्याचीच धास्ती वाटली. लेक भांडते तोवर आई शाबूत असते.

"आई, इथं तुला वेगळी खोली आहे. मशीन पण आणू."

"मशीन आणशील. बायका कुठनं आणशील?"

केतकीनं "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला.

शेजारच्या गौरव्वाला हे सगळं त्याच दिवशी कळलं. गौरव्वा शिरगुप्पेंचं माहेर कर्नाटकातलं, आणि तिच्या घरामागंच यंत्रमागांचा कारखाना. आयुष्यभर त्या खडखडाटावर मात करत बोलल्यामुळं तिचं कुजबुजणंही गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. तिच्या भाचीच्या लग्नाचे ब्लाउज वैजाक्कांकडं होते.

"अय्यो, पुण्याला जातीस? मग माझ्या भाचीनं काय उघड्या पाठीनं बोहल्यावर चढायचं?"

"आता उघड्या पाठीचीच फॅशन हाय."

"हासू नको. खरं सांग, विसरतीस का गं तू?"

वैजाक्का हसायच्या थांबल्या. "गौरे, तुझी छाती मागच्या दिवाळीपास्नं दीड इंच वाढलीय. हे मला आठवतंय. आणखी काय पायजे?"

"हळू बोल की!" गौरव्वा गल्लीभर ओरडली.

तिसरी सूचना दुपारी आली.

वैजाक्का भाचीच्या ब्लाउजच्या शिवणी दाबत बसल्या होत्या, आणि लाइट गेली. मागांच्या गावात लाइट गेली की आधी डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. सकाळपासून वाजणारी खडखड एकदम थांबते, आणि ती शांतता अशी अंगावर येते की झोपलेलं तान्हं पोर दचकून रडतं. मग सगळी गल्ली बाहेर कट्ट्यावर येते. कारागीर तंबाखू मळतात, बायका पदरानं वारा घेतात. आजवर कुणी कुणाला बोलावलं नाही आणि कुणी घरात राहिलं नाही. वैजाक्काही उठल्या, दार ओढून घेतलं आणि गौरव्वाच्या कट्ट्यावर जाऊन टेकल्या. गौरव्वानं भाचीच्या सासरच्यांची कुंडली मांडली होती. लाइट आली, एकेक माग बोलू लागला, तरी नवऱ्या मुलाच्या मावशीपर्यंतच गोष्ट आली होती. मग चहा झाला.

घरी आल्या तेव्हा पेटीवर लाल दिवा होता.

"वैजयंताताई, ही तिसरी सूचना. तापणाऱ्या वस्तूंची लाइन बंद करण्यात आली आहे. आपल्या मुलीस कळवले आहे."

त्यांनी इस्त्रीला हात लावला. गार. बटण खालीवर करून बघितलं. काही नाही. शेगडी नाही, गिझर नाही. टेबलावर भाचीचा ब्लाउज अर्धा दाबलेला, अर्धा चुरगळलेला पडला होता.

"लाइटच नव्हती की रे मेल्या!" त्या पेटीला म्हणाल्या. "लाइटीबिगर इस्त्री चालती व्हय?"

पेटीनं या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तिला कुणी तो विचारील असं कंपनीला वाटलं नसावं.

केतकी शनिवारी आली. हातात दोन रिकाम्या बॅगा होत्या. रिकाम्या बॅगा घेऊन येणारा पाहुणा वैजाक्कांनी पहिल्यांदाच बघितला. तिनं चपला काढल्या, आईच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. वैजाक्कांनी तिला रडू दिलं, मग गौरव्वाकडच्या गॅसवर चहा करून आणला. लेकीला थोडी लाज वाटावी, एवढा त्यात हेतू होता.

"मी येते," वैजाक्का म्हणाल्या. "शब्द दिलाय. पण त्या पेटीनं नेमकं काय बघितलं ते आधी मला दाखव. माझ्या नावावर काय लिहिलंय ते मला कळू दे की."

केतकीनं फोन काढला. प्रत्येक सूचनेखाली बारीक अक्षरांत तपशील होता. पहिल्या खेपेला एकशे नव्वद व्होल्ट, पाच पूर्णांक चार अँपिअर. त्यावरून सांगातीनं काढलेले एक हजार सव्वीस वॉट. खाली निष्कर्ष: इस्त्री.

"इस्त्रीवर पण हजार वॉटच लिहिलंय ना?" केतकी म्हणाली. "म्हणजे जुळतंय, आई."

वैजाक्कांनी आकडा परत वाचला. "एकशे नव्वद? आपल्याकडं दोनशे तीस यायला पायजे न्हवं?"

"यायला पाहिजे."

"सकाळची पाळी सुरू झाली, की पाठीमागचे नवे माग सगळे एका दमात चालतात. पंखा सुद्धा पेंगतो. मग तेवढा जोर कमीच असणार."

"हो, पण त्यानं काय होतं?"

वैजाक्का उठून शिलाई मशीनवर जाऊन बसल्या. त्यांचं डोकं पाय चालू असताना चांगलं चालायचं. पायट्यावर पाय ठेवला, कापडाचा तुकडा सुईखाली सरकवला.

"हे बघ. मी जोरात पाय मारला, तर भराभर टाके पडतात. हळू मारला, तर कमी पडतात. खरं का?"

"खरं."

"पण टाके कमी पडले म्हणून खणाची मलमल झाली, असं कुणी म्हणंल का? कापड तेच. जोर कमी."

केतकी फोन घेऊन तशीच उभी राहिली. मग तिचा चेहरा असा झाला, की वैजाक्कांना ती दहावीतली आठवली. पाठ केलेलं उत्तर परीक्षेच्या हॉलबाहेर आठवल्यावर व्हायचा तसा.

"आई, थांब. जोर म्हणजे व्होल्ट. टाके म्हणजे करंट. आणि कापडाचा जाडपणा म्हणजे रोध! वॉट बदलतात गं, जोरावर असतात ते. रोध फारसा बदलत नाही. खडू दे."

स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या काळ्या ओट्याशी दोघी उभ्या राहिल्या. हातात मापं आखायचा खडू. केतकीनं लिहिलं, एकशे नव्वद भागिले पाच पूर्णांक चार. उत्तर आलं पस्तीस. पस्तीस ओहम.

"आता इस्त्रीचा काढू. दोनशे तीस व्होल्टला हजार वॉट. हजाराला दोनशे तीसनं भागलं की करंट, चार पूर्णांक पस्तीस. दोनशे तीसला त्यानं भाग." ती पुटपुटत राहिली. "त्रेपन्न. आई, इस्त्री त्रेपन्न ओहमची आहे. ही पस्तीसवाली इस्त्री नाहीच!"

"मग कोण ती अवदसा?"

केतकी न्हाणीत धावली आणि गिझरवरची पाटी वाचून ओरडली, "दीड हजार वॉट!" परत खडू चालला. दीड हजार वॉट, दोनशे तीस व्होल्ट, साडेसहा अँपिअर. रोध पस्तीस.

पुण्यात कुठं व्होल्टेज पडतं? तिथं दीड हजारचा गिझर दीड हजारच खातो. पंखा, मिक्सर यांची चाल निराळी असते, म्हणून ते ओळखू येतात. पण तापणाऱ्या वस्तू सगळ्या एकसारख्या सरळ, मुक्या. त्यांना सांगाती वजनावरून ओळखायचा, वॉटवरून. इचलकरंजीत पाळी सुरू झाली, जोर पडला, आणि दीड हजारचा गिझर रोडावून हजाराचा झाला. सांगातीनं त्याला इस्त्री समजून हाक मारली. वैजाक्का न्हाणीत होत्या, कारण गिझर लावून माणूस आणखी कुठं जाणार?

दुसरी सूचना बघितली. एकशे अठ्ठ्याऐंशी व्होल्ट. रोध पुन्हा पस्तीस.

"आई!" केतकीनं तिचे दोन्ही खांदे धरले. "तू विसरली नव्हतीस!"

"ते मला ठावंच होतं," वैजाक्का म्हणाल्या. पण ओट्याशेजारच्या स्टुलावर टेकल्या. खरं सांगायचं तर ठावं होतं तितकंच नव्हतंही. रोज सकाळी बटणाला तीन-तीनदा हात लावायची सवय लागली होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

"निखिलला सांगते," म्हणत केतकी फोन घेऊन अंगणात गेली. तिचा आवाज आत येत होता. हसणारा, घाईघाईचा. नवऱ्याला ती गिझरची गोष्ट आईच्या शिलाई मशीनसकट सांगत होती.

ओट्यावर तिसऱ्या सूचनेचे आकडे तेवढे उरले होते. केतकीनं लिहून ठेवले होते, भागायचे राहिले होते. दोनशे बावीस व्होल्ट. चार पूर्णांक दोन अँपिअर. वैजाक्कांनी सहज खडू उचलला. उरकून टाकावं म्हणून. बेचाळीस पंचे दोनशे दहा. उरले बारा. शून्य दिलं. बेचाळीस दुणे चौऱ्याऐंशी...

बावन्न. आणि वर बरंच उरतंय. म्हणजे त्रेपन्नच.

त्यांनी परत भागलं. आकडे हटले नाहीत.

मग कानांत ती दुपार वाजली. खडखड थांबली तेव्हा हातात इस्त्री होती. ती त्यांनी पत्र्यावर उभी केली आणि उठल्या. बटण? बटण बंद करायचं काय कारण? इस्त्री तर लाइटीबरोबर मेलीच होती. मेलेल्या वस्तूचं बटण कोण बंद करतं? लाइट आली तेव्हा त्या नवऱ्या मुलाच्या मावशीत गुंतल्या होत्या, आणि इथं रिकाम्या घरात इस्त्री आपोआप जिवंत झाली होती. व्होल्टेजही साक्षीला होतं. बंद पडलेले माग एकदम सुरू होत नाहीत. तुटलेले धागे जोडत कारागीर एकेक चालू करतो. तोवर जोर चांगला असतो. दोनशे बावीस.

शेजारी भाचीचा ब्लाउज पडला होता, वर पडदा होता. सांगातीनं लाइन तोडली नसती, तर चहा पिऊन आल्यावर वैजाक्कांना काय दिसलं असतं?

अंगणातून केतकी म्हणत होती, "नाही रे, बॅगा रिकाम्याच परत आणते!"

ओलं फडकं हाताशीच होतं. एकदा फिरवलं असतं की कडप्पा काळा झाला असता. लेकीनं तिसरं कधी भागलं नसतं. दोनदा चुकलेल्या यंत्राचं तिसरं कोण मोजतं?

वैजाक्कांनी फडक्याकडं बघितलं. मग त्याला बोटं पुसली.

"केतके, फोन ठेव. आत ये."

केतकीनं आकडा वाचला, आईचं तोंड वाचलं. वैजाक्कांनी लाइट गेल्यापासूनचं सगळं सांगितलं. मावशीसकट.

आता ती बॅगांकडं बघेल असं वैजाक्कांना वाटलं. तिनं बघितलंही. मग एकदम म्हणाली, "हे असं कुणाचंही होईल. लाइट गेल्यावर मी तरी कुठं बटणं बंद करते? आई, मी पेटीला तिन्ही सूचना चुकीच्या म्हणून सांगते. म्हणजे सगळं पुसलं जाईल, पाटी कोरी. दोन चुकल्या असतील तर तिसरीही चुकली म्हणायला काय हरकत आहे? कंपनी काही बोलणार नाही."

"विम्यात असंच करतीस व्हय?"

"आई! मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी म्हणून तर सांगते. ते यंत्र शिकतंय न्हवं? मग त्रेपन्नवालीला पण गिझर समजायला शिकंल. उद्या असल्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या बाईच्या घरात लाइट जाऊन परत येईल, आणि हे बसंल गप्प." त्या उठल्या. "आणि एक सांग. मी चुकत न्हाई म्हणून इथं राहायचं असलं, तर मला किती दिवस राहता येईल? चुकले तर कळतंय मला, म्हणून राहणार मी. डॉक्टरकडं पण जाऊन येते सोमवारी. गौरीला नेते सोबत. डोकं तपासायचं तर तिचं आधी तपासतील."

केतकीला हसू आलं, आणि त्यातच डोळे भरले.

बोर्डासमोर मायलेकी उभ्या राहिल्या. केतकीनं हाक मारली आणि तक्रार नोंदवायला सांगितलं. व्होल्टेज, करंट, पस्तीस ओहम, सगळं तिनं नीट समजावलं. वॉट नको, रोध बघ, म्हणाली. पेटी थोडा वेळ विचारात पडली.

"हे तपासून पाहिले. आपले म्हणणे बरोबर आहे," गोड आवाज म्हणाला. "एकूण किती सूचना चुकीच्या होत्या?"

केतकीनं आईकडं बघितलं.

"दोन," वैजाक्का म्हणाल्या.

"आणि तिसरी?"

"तिसरी माझी."

"नोंद घेतली. एक सूचना कायम राहील." कट्‌ असा आवाज झाला. लाल दिवा गेला. "वैजयंताताई, आपल्याला इस्त्री वापरण्याची परवानगी आहे."

"परवानगी नको रे बाबा. लाइट परत आली की हाक मार तेवढी," वैजाक्का म्हणाल्या. "आणि मोठ्यांदा मार. मी गौरीकडं असते, तिथं ऐकू येत न्हाई."

त्यांनी बटण दाबलं, आणि इस्त्री तापेपर्यंत भाचीच्या ब्लाउजवर पाणी शिंपडत बसल्या.